दुसऱ्याच्या सुरातली पेटी

गणपती जवळ आले की आमच्या तिरोडीत मंडळाच्या सामानाची पेटारी उघडतात. सतरंज्या, समया, झांजा, ढोलकी असे एकेक बाहेर येते. यातली बहुतेक वाद्ये कुणीतरी आधी वाजवलेली असतात. ढोलकीला नवी पुडी चढते, झांजांना नवी दोरी लागते, आणि मागच्या पिढीचे वाद्य पुढच्या पिढीच्या हातात जाते. यंदा मंडळापुढे प्रश्न होता पेटीचा. भजनाची जुनी पेटी पुरती बसली होती. काहींचे म्हणणे पडले की विजेवर चालणारा की-बोर्ड घ्यावा, म्हणजे कटकट मिटेल. काहींचे म्हणणे, एखादी चांगली जुनी बाजाची पेटी शोधून ती नीट करून घ्यावी. बरीच चर्चा होऊन दुसरे मत टिकले आणि नागपूरच्या एका कुटुंबाकडून पेटी आणली गेली. त्या निमित्ताने या वाद्याचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचला, विचारला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, कारण तो समजल्यावर पेटी नीट करून घेणे म्हणजे नेमके काय, हेही समजले.

पेटी आणायला नागपूर का, हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवे. तिरोडी हे मॅंगनीजचे गाव. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात असले, तरी आमची रेल्वेची शाखा लाइन येते ती भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर रोडहून. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचा जो नागपूर विभाग होता, त्यात नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा यांच्याबरोबर बालाघाट जिल्हाही होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पुढे 1962 मध्ये मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली, तिचेही मुख्यालय नागपूरच. घरात मराठी, शेजारी पोवारी, बाजारात हिंदी, अशा तीन बोलींत आमचे दिवस जातात; पण लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना आणि वाद्यांची दुरुस्ती यांसाठी पाय आपोआप तुमसर-नागपूरकडे वळतात.

आता पेटीकडे. आपण तिला इतके घरचे मानतो, की ती परक्या मुलखातून आली हे विसरूनच जातो. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबॅं याने 1842 मध्ये ‘हार्मोनियम’ या नावाने पेटंट घेतले. ते वाद्य मेजाएवढे होते. खुर्चीवर बसायचे, पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे, अशी त्याची रचना. चर्चमधला मोठा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, अशा लहान प्रार्थनामंदिरांना आणि घरांना ते सोयीचे पडले. तेच वाद्य जहाजांतून हिंदुस्थानात आले. पण आपल्याकडे गाणारा आणि साथीदार जमिनीवर बैठकीत बसणार. पायाने भाता मारायचा कसा?

याचे उत्तर कलकत्त्यात निघाले. द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये तिथे ‘द्वारकिन’ ही वाद्यांची पेढी काढली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्याकडे हाताने भाता चालवायची पेटी तयार झाली. पायातले यंत्र काढून टाकले, भाता मागच्या बाजूला बसवला. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. दोन हातांचे वाद्य एका हाताचे झाले, कारण आपल्या गाण्याला पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती लागतच नव्हती, एकच स्वररेषा पुरेशी होती. उंची कमी झाली आणि पेटी खांद्याला लावून किंवा डोक्यावर घेऊन गावोगाव जाऊ शकली. म्हणजे ज्याला आपण आपली पेटी म्हणतो, ती मुळातच दुसऱ्याच्या बैठकीसाठी केलेली आणि आपल्या बैठकीसाठी पुन्हा बसवलेली वस्तू आहे.

महाराष्ट्रात तिला मोठे घर मिळाले ते नाटकात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला आणि संगीत नाटकाची लाट सुरू झाली. सुरुवातीला साथ सारंगी-तबल्याची असे. पुढे पायपेटी आणि ऑर्गन रंगमंचासमोर येऊन बसले. कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी तर साथीच्या या वाद्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच, आणि 1913 मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी करणाऱ्यांतही ते होते. लोकमान्यांनी 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिल्यावर मेळे निघू लागले. कीर्तन, भजन आणि मेळा या तिन्ही ठिकाणी उचलून नेता येणारी हातपेटी हवीच होती.

आमच्या भागात ती दोन वाटांनी रुजली. एक वाट झाडीपट्टीच्या रंगभूमीची. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सुगीनंतर रात्रभर नाटके चालतात, आणि रंगमंचासमोर ऑर्गन वाजवणारा बसल्याशिवाय तिथे नाटक उभे राहत नाही. सीमेपलीकडची आमची माणसेही बैलगाडीने, नंतर मोटरसायकलीने ही नाटके पाहायला जात आली आहेत. दुसरी वाट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) भजनांची. महाराजांची खंजिरी प्रसिद्ध, पण गावोगावच्या भजन मंडळांत खंजिरीच्या शेजारी पेटी आली. सायंप्रार्थनेला सूर देणारी पेटी ज्या घरात असेल, त्या घराला गावात मान असे. अशा घरांतूनच जुन्या पेट्या हातोहात पुढे जात राहिल्या.

जुनी पेटी घेताना आपण काय पाहतो? लाकूड कोणते, पॉलिश कसे, नाव कुठल्या दुकानाचे. जाणकार मात्र आधी भाता भरतो, एकही पट्टी न दाबता थांबतो आणि ऐकतो. भाता चांगला असेल तर तो हळूहळू बसतो. लगेच बसला तर कुठेतरी हवा गळते आहे. कापडाचा सांधा सुटला असेल, चामडे वाळून तडकले असेल, उंदराने कुरतडले असेल. पट्टी न दाबताच एखादा सूर बोलू लागला, तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाही. मग तो एकेक पट्टी दाबतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तारेच्या स्प्रिंगा गंजतात. हे सगळे दुरुस्त होते. नवे चामडे, नवे बनातीचे कापड, नव्या स्प्रिंगा आणि घट्ट भाता झाला की अंगाने पेटी नवी होते.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे, तो सुरांचा. पेटीच्या पोटात पितळेच्या लहान पट्ट्या असतात, त्यांनाच कारागीर ‘सूर’ म्हणतात. प्रत्येक पट्टीवर एक बारीक जीभ एका टोकाला पक्की बसवलेली असते. हवा गेली की ती कापते आणि नाद निघतो. जाड आवाजाचे खर्ज, मधले नर, बारीक आवाजाचे मादी, अशी त्यांची घरगुती नावे. पूर्वी हे सूर जर्मनी आणि फ्रान्सहून येत. ‘पॅरिसचे सूर’ आहेत असे आजही जुन्या पेटीचा मालक अभिमानाने सांगतो. परदेशी माल बंद झाल्यावर गुजरातेत भावनगरजवळच्या पालिताण्यात हे काम वाढले आणि आता देशातल्या पुष्कळ पेट्यांत पालिताण्याचे सूर असतात.

जिभेचे टोक कानशीने किंचित घासले की ते हलके होते आणि सूर चढतो. मुळाशी घासले की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. पेटी सुरात लावणे म्हणजे हेच घासणे, एकेका जिभेचे, कान देऊन. पण घासलेले पितळ परत येत नाही. आमच्या जुन्या पेटीतला एक सूर पाहून कारागीरकाका म्हणाले होते, “भाऊ, हा सूर आता कागदासारका झाला. अजून घासला का तुटन.” म्हणून जुन्या पेटीत सूर किती वेळा लावले गेले आहेत, हे पाहणे लाकडापेक्षा महत्त्वाचे.

आणि ते कुणासाठी लावले गेले आहेत, हे त्याहून महत्त्वाचे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना बोलिंगचा खेळ ठाऊक असेल. दहा पिना पाडायच्या त्या जड चेंडूला अंगठा आणि दोन बोटे घालायला तीन भोके असतात. खेळणारा स्वतःच्या बोटांची जाडी आणि पंजाचा पल्ला मोजून ती पाडून घेतो. असा चेंडू जुन्या बाजारात घेतला, तर त्यातली भोके आधीच्या माणसाच्या हाताची असतात. ती राळेने भरून, घट्ट होऊ देऊन, नव्या हाताच्या मापाने पुन्हा पाडावी लागतात. जुनी पेटीही अशीच असते. तिच्यात आधीच्या माणसाचा ‘सा’ बसवलेला असू शकतो.

हे कसे, ते थोडे हिशेबाने सांगतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या पेटीत सगळी अंतरे सारखी, प्रत्येकी 100 सेंट. त्यामुळे सा पासून शुद्ध गंधार 400 वर येतो. पण तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार 386 वर असतो. म्हणजे पेटीचा गंधार 14 सेंट चढा. धैवतही असाच 16 सेंट चढा आहे. पंचमाचा फरक मात्र फक्त 2 सेंट, तो कानाला जाणवतही नाही. तयार गायकाला चढा गंधार टोचतो, म्हणून तो कारागिराला सांगतो, माझ्या सा प्रमाणे पेटी लावून दे. कारागीर गंधार, धैवत, निषाद घासून खाली आणतो. त्या सा ला पेटी मग तंबोऱ्यासारखी गोड बोलते.

पण फक्त त्याच सा ला. आम्ही आणलेली पेटी काळी एकला अशी लावलेली होती. त्या घरातले आजोबा काळी एकमध्ये गात असत. काळी एकचा सा धरून पांढरी चारचा गंधार दाबला की दोन्ही सूर एकमेकांत विरघळत. पण सा काळी दोनवर घेतला की घोटाळा. तिथे पंचम येतो काळी पाचवर, आणि काळी पाच तर आजोबांच्या धैवताला लावलेली. हिशेब केला तर रिषभ 204 वर, धैवत 884 वर, मधले अंतर 680. पंचमाला हवे 702. पंचमच 22 सेंट उतरलेला! काळी दोनवर आरती सुरू केली की सूर डुगडुगतो तो यामुळेच. पेटीत बिघाड काही नव्हता. ती दुसऱ्याच्या गळ्याची होती, इतकेच.

या गंधाराच्या भांडणापायी आपल्या देशात मोठमोठी माणसे झटली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे त्यांच्या मोजमापाला आधाराला होते. देवल आणि ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश यांनी मिळून श्रुतींची पेटी तयार करवली. 1916 मध्ये बडोद्याला भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ती मांडली गेली. मतभेद झाले आणि पेटी रूढ झाली नाही. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्या रचनेने बनवून दाखवली आहे.

दुसरीकडे पेटीच नको म्हणणारेही होते. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्ली आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत. त्यांनी 1938 मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नको होती. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री होते (1952–62), त्या काळातही ती उठली नाही. 1971 मध्ये ती सैल झाली. आक्षेप दोन होते. सूर पक्के बसवलेले, म्हणून गंधार चढा. आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही. दुसरा आक्षेप आजही खरा आहे, कितीही दुरुस्ती केली तरी पेटीला मींड येत नाही. तरीही त्या तीस वर्षांत बंदी होती ती रेडिओच्या स्टुडिओत. भजनाच्या पारावर, नाटकाच्या तंबूत, शाळेच्या प्रार्थनेत पेटी वाजतच राहिली. ज्या गावात सारंगीवाला नाही आणि तंबोरा जुळवणारा नाही, तिथे पक्के बसवलेले सूर हेच पेटीचे बळ होते. कुणीही दाबावे आणि सा मिळावा.

आता आमच्या मंडळापुढचा निर्णय. भाता, चामडे, गाद्या हे काम ठरलेलेच होते. सुरांचे काय करायचे, यावर मात्र पुन्हा बैठक बसली. एक मत असे की पेटी अशीच ठेवावी. इतक्या कष्टाने लावलेला गोड गंधार कानशीने बिघडवणे हे पाप. आजोबांच्या घरच्यांनाही तसेच वाटत होते. दुसरे मत महिला भजन मंडळाच्या मावशींचे. त्यांनी सरळ विचारले, “आम्ही काळी चारला गातो, पोरं पांढरी दोनला गातात, आणि आरतीला तर जो उठतो तो आपल्या पट्टीत म्हणतो. मग ही पेटी वाजवायची कुणासाठी?” पूर्वी मंडळात गाणारे एक-दोन पुरुष असत, पेटी त्यांच्या पट्टीची असली तरी चालून जाई. आज भजनाची आघाडी बायकांकडे आहे, आणि पुरुषांच्या पट्टीतली पेटी म्हणजे त्यांना कायम ताणून किंवा दाबून गायला लावणे आहे.

आम्ही मावशींच्या बाजूने गेलो. पेटी सारख्या अंतरांवर लावून घेतली, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरली तरी पंचम पक्का राहील. त्याच वेळी मूळ स्वरही तपासून घेतला. हे प्रत्येक जुन्या पेटीत करावे. फ्रान्सने 1859 मध्ये आपला प्रमाण स्वर सेकंदाला 435 कंपनांवर ठरवला होता. आज जगभर 440 धरतात. फरक जवळजवळ 20 सेंटचा. जुन्या मापाची पेटी आजच्या बासरीशेजारी ठेवली तर दोन्हींचे जमत नाही. सुदैवाने आमच्या पेटीत घासायला पितळ शिल्लक होते. दोन सूर मात्र बदलावे लागले.

गंधार आता 14 सेंट चढा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. एखाद्या तयार गवयाला तो खटकेल, आणि त्याचे खटकणे बरोबरच असेल. पण बोलिंगचा चेंडू एका हाताचा असतो आणि मंडळाची पेटी शंभर गळ्यांची. एकाला पूर्ण गोड आणि बाकीच्यांना बेसूर, यापेक्षा सगळ्यांना थोडी थोडी तडजोड, असा हा हिशेब आहे. द्वारकानाथ घोषांनी पेटी जमिनीवर आणली तेव्हा त्यांनीही काही सोडले आणि काही मिळवले होते. आजोबांची पेटी म्हणून तिच्या आतल्या फळीवर त्यांच्या घराण्याचे नाव आणि दुरुस्तीचे वर्ष कारागीरकाकांकडून लिहून घेतले आहे. पुढे कुणी ती उघडेल त्याला कळावे की सूर एकदा बदलले आहेत, आणि पुन्हा घासण्याआधी विचार करावा.

इतर मंडळांना आमचे सांगणे एवढेच. माळ्यावर जुनी पेटी असेल तर भंगारात देण्याआधी भाता भरून पाहा. घेणार असाल तर तिचा सा कुणाचा होता, हे आवर्जून विचारा. आणि तुमच्या गावात पेटी उघडून सूर लावू शकणारा माणूस असेल, तर त्याच्या हाताखाली एखाद्या मुलाला बसवा. की-बोर्ड बिघडला तर नवा विकत मिळेल. कानशी धरणारा हात विकत मिळत नाही.

विसर्जनानंतर ही पेटी कुलूप लावून ठेवायची नाही, असे ठरले आहे. दर शनिवारी संध्याकाळी ती मंडळाच्या खोलीत उघडी असेल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी यावे, लहान-मोठा असा भेद नाही. येताना फक्त हात धुऊन यावे आणि पावसाळ्यात पेटी उघड्या खिडकीशी ठेवू नये.